विंडोज अपडेटनंतर फोटोशॉप बिघडलं? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

मायक्रोसॉफ्टचं नेहमीचं अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतं. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या स्टुडिओंत त्याचा परिणाम दिसतो बुधवारी-गुरुवारी. सकाळी मशीन उघडावं तर कॅनव्हास काळाठिक्कर, ब्रश हातामागून रखडत येतोय, नाहीतर काल सेव्ह होणारं अल्बमचं शीट आज सेव्हच होत नाही. "काय व्हयनं भो याले?" म्हणत पहिला फोन जातो तो फॉरमॅट मारणाऱ्याला, आणि गल्लत तिथेच होते. फॉरमॅटनंतर विंडोज तेच अपडेट आणि तोच ड्रायव्हर नेटवरून पुन्हा ओढून आणतं. वर फॉन्ट, अ‍ॅक्शन, ब्रश आणि प्लगइन परत जमवण्यात दोन दिवस जातात.

विंडोजचं अपडेट फोटोशॉपच्या स्वतःच्या फायलींना सहसा हात लावत नाही. त्यामुळे फोटोशॉप काढून पुन्हा टाकणं हाही बहुतेकदा वाया जाणारा उद्योग. बदलतं ते आजूबाजूचं: ग्राफिक्स ड्रायव्हर, मॉनिटरचं कलर प्रोफाइल, फोल्डरच्या परवानग्या, फॉन्टची मांडणी, पेनचं इनपुट, प्रिंटरचा ड्रायव्हर. लक्षण बघून यातलं कुठलं हललंय ते ओळखायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरळीत झालं, तर पुढच्या महिन्यात तोच त्रास आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी रीस्टार्ट, मग थोडी वाट

शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं, त्यामुळे शटडाउन केलं तरी सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. अर्धवट बसलेला ड्रायव्हर मग तसाच राहतो. मेनूतून रीस्टार्ट द्या, आणि मोठं अपडेट असेल तर दोनदा द्या.

त्यानंतर टास्क मॅनेजर उघडा. 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' किंवा 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' सीपीयू आणि डिस्क खात असेल, तर मशीन अजून अपडेटनंतरची आवराआवर करतंय. साधी हार्ड डिस्क असेल तर हे काही तास चालतं, एसएसडीवर लवकर उरकतं. या वेळेत फोटोशॉप संथ वाटणारच, तेव्हा कुठलीही सेटिंग बदलू नका. मे महिन्यात भुसावळला पारा ४५च्या पुढे गेलेला असतो, टॉवरच्या फॅनमध्ये धूळ नि कापसाचे तंतू अडकलेले असतात. अशा वेळी सीपीयू तापून आपला वेग स्वतःच कमी करतो आणि दोष अपडेटच्या माथी जातो. ब्लोअर मारून घ्या, बराच गोंधळ त्यातच मिटतो.

आता सेटिंग्ज > विंडोज अपडेट > अपडेट हिस्टरी उघडा. तिथे 'फीचर', 'क्वालिटी' आणि 'ड्रायव्हर' असे वेगळे गट दिसतात. बिघाड सुरू झाला त्या तारखेला ड्रायव्हरच्या गटात इंटेल, एनव्हिडिया किंवा एएमडीचं नाव दिसलं तर निम्मं काम झालं. क्वालिटी अपडेट, म्हणजे दर महिन्याचं नेहमीचं, त्याच पानावरून अनइन्स्टॉल करता येतं. फीचर अपडेट, म्हणजे विंडोजच्या २३एच२ आवृत्तीवरून २४एच२ वर अशी उडी, मागे घ्यायला सेटिंग्ज > सिस्टिम > रिकव्हरी मध्ये 'गो बॅक' आहे, पण ते फक्त १० दिवस. आणि हे मागे जाणं ज्या 'विंडोज.ओल्ड' फोल्डरच्या जोरावर होतं, तोच फोल्डर सी ड्राइव्ह भरला म्हणून लोक आधी उडवतात. शीट उघडून, सेव्ह करून, प्रिंट काढून सगळं ठीक आहे याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नका.

काळा कॅनव्हास, चिरफळ्या आणि हँग

सगळ्यात जास्त तक्रारी ग्राफिक्सच्या. लक्षणं ओळखीची असतात: झूम केलं की कॅनव्हासवर चौकोनी ठिगळं येतात, लेयर हलवला की मागे सावली राहते, लिक्विफाय उघडताच फोटोशॉप बंद पडतं, किंवा कॅमेरा रॉमध्ये एआय डीनॉइज दिल्यावर मिनिटाभराचं काम अर्धा-अर्धा तास दाखवतं. एक झटपट चाचणी आहे. कुठलाही फोटो उघडून कीबोर्डवर 'आर' दाबा आणि माउसने कॅनव्हास फिरवा. फिरला नाही, किंवा ग्राफिक्स प्रोसेसर हवा असा संदेश आला, तर फोटोशॉपला कार्ड सापडतच नाहीये.

मग हेल्प > सिस्टिम इन्फो मध्ये कार्डाचं नाव वाचा. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर अपडेटनंतर फोटोशॉप एनव्हिडिया सोडून इंटेलवर गेलेलं असू शकतं. सेटिंग्ज > सिस्टिम > डिस्प्ले > ग्राफिक्स मध्ये फोटोशॉपची ईएक्सई फाइल जोडा, ऑप्शन्समध्ये 'हाय परफॉर्मन्स' निवडा, फोटोशॉप बंद करून परत उघडा. डेस्कटॉपवर मात्र आधी मागे वाकून बघा: मॉनिटरची केबल कार्डात आहे की मदरबोर्डच्या पोर्टमध्ये? सफाईनंतर चुकीच्या ठिकाणी लागलेली केबल हे फार सामान्य कारण आहे.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसत असेल तर ड्रायव्हर उडालाय. कार्डाचं नाव बरोबर दिसत असेल तर त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब. तिथली तारीख बघा आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' चालू असेल तर तेच आधी करा. ते बटण फिकट असेल तर मागचा ड्रायव्हर शिल्लक नाही. मग कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवा. एनव्हिडियाचे दोन प्रकार मिळतात, गेम रेडी आणि स्टुडिओ. आपल्याला स्टुडिओ घ्यायचा. बसवताना 'कस्टम' निवडून 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर टिक करा, कारण जुन्याच्या वर नवा चढवला की जुन्या सेटिंग्ज तशाच राहतात. लॅपटॉपचा ड्रायव्हर शक्यतो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडचा घ्या.

मध्येच स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येत असेल तर इव्हेंट व्ह्यूअर > विंडोज लॉग्ज > सिस्टिम मध्ये ४१०१ हा क्रमांक शोधा. ड्रायव्हरने दम टाकला आणि विंडोजने त्याला परत उभं केलं, असा त्याचा अर्थ. ड्रायव्हर बदलूनही हा क्रमांक रोज येत राहिला तर अपडेटचा पिच्छा सोडा आणि कार्ड नि पॉवर सप्लाय तपासायला द्या.

तालुक्याच्या बऱ्याच स्टुडिओंत अजून जीटी ७१० जातीची कार्डं आहेत. ती केप्लर पिढीची, एनव्हिडियाने त्यांची साथ ४७० मालिकेच्या ड्रायव्हरवर थांबवली. नवं फोटोशॉप डायरेक्टएक्स १२ आणि किमान दीड जीबी ग्राफिक्स मेमरी मागतं, शिफारस ४ जीबीची करतं. अशा मशीनवर ड्रायव्हर शोधत बसू नका. एडिट > प्रेफरन्सेस > परफॉर्मन्स मध्ये 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर'ची टिक काढा. कॅनव्हास फिरवणं, ऑइल पेंट, स्क्रबी झूम असं काही जाईल, पण कटिंग, लेव्हल्स, मास्क, अल्बमची मांडणी हे रोजचं काम अडत नाही. लग्नाचा सीझन निघून जातो, कार्ड नंतर बदलता येतं.

एवढं करूनही फोटोशॉप उघडतानाच पडत असेल तर प्रेफरन्सेस रीसेट करा: आयकॉनवर डबल क्लिक करताच कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट तिन्ही दाबून धरा, सेटिंग्ज फाइल काढू का असं विचारल्यावर 'येस'. लाइटरूमसाठी ऑल्ट आणि शिफ्ट पुरतात. त्याआधी फोटोशॉप उघडत असेल तर अ‍ॅक्शन पॅनेलमधून आपले अ‍ॅक्शन सेव्ह करून ठेवा.

पिवळं दिसतंय, पण प्रिंट निळसर येतेय

हा बिघाड महागात पडतो, कारण तो लक्षात येतो अल्बम छापून आल्यावर. विंडोज अपडेटमधून कधी कधी मॉनिटरचा ड्रायव्हरही येतो आणि त्याच्याबरोबर एक कलर प्रोफाइल बसतं. फोटोशॉप ते प्रोफाइल मानतं, डेस्कटॉप आणि इतर बरेच प्रोग्राम मानत नाहीत. प्रोफाइल खराब असेल तर फोटोशॉपमध्ये सगळं पिवळसर दिसतं. तुम्ही निळा वाढवून ते 'दुरुस्त' करता आणि लॅबमधून नवरदेवाचा सदरा निळा होऊन येतो. हळदीच्या फोटोंत तर पिवळेपणा कोणाच्या लक्षातही येत नाही.

तपासणी सोपी आहे. फोटोशॉपमध्ये फाइल > न्यू करून पांढरा कोरा कागद उघडा आणि बाजूला ब्राउझरचं पांढरं पान ठेवा. ब्राउझर पांढरा आणि फोटोशॉप पिवळट, तर प्रोफाइलचाच दोष. दोन्ही पिवळे असतील तर आधी नाइट लाइट बंद आहे ना ते बघा. अपडेटनंतर तो चालू झालेला सापडतो.

दुरुस्तीसाठी स्टार्टमध्ये 'कलर मॅनेजमेंट' शोधून उघडा. डिव्हाइसेस टॅबमध्ये आपला मॉनिटर निवडा, 'यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस'वर टिक करा, यादीतलं मॉनिटरच्या नावाचं प्रोफाइल काढा, एसआरजीबी आयईसी६१९६६-२.१ जोडा आणि ते डिफॉल्ट करा. फोटोशॉप बंद करून उघडा. कॅलिब्रेटर (मॉनिटरचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) असलेल्यांनी एसआरजीबीवर न थांबता नव्याने कॅलिब्रेट करावं, आणि अ‍ॅडव्हान्स्ड टॅब > चेंज सिस्टिम डिफॉल्ट्स मध्ये 'यूज विंडोज डिस्प्ले कॅलिब्रेशन' चालू आहे का ते बघावं. विंडोज ११ वर एचडीआर आणि ऑटो कलर मॅनेजमेंटही बघून घ्या. अल्बमच्या कामाला एचडीआर बंदच हवा.

फोटो प्रिंटर घरचा असेल तर आणखी एक भानगड. अपडेटनंतर विंडोज कंपनीचा ड्रायव्हर बाजूला सारून स्वतःचा 'क्लास ड्रायव्हर' लावतं. कागद निघतो, पण बॉर्डरलेस आणि ग्लॉसी पेपरचे पर्याय गायब होतात आणि चार बाय सहावर बसवलेले पासपोर्ट फोटो फिके येतात. प्रिंटर काढून टाका, कंपनीचा पूर्ण ड्रायव्हर बसवा, 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा. छापताना 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडलं असेल तर ड्रायव्हरमधलं कलर करेक्शन बंद हवं. नव्या ड्रायव्हरमध्ये ते आपोआप चालू असतं आणि रंगाची दुरुस्ती दोनदा होते.

सेव्ह होत नाही, जागा नाही, रॅम नाही

'स्क्रॅच डिस्क भरली' (म्हणजे काम चालू असताना फोटोशॉप डिस्कवर वापरतं ती तात्पुरती जागा संपली) हा संदेश मोठ्या अपडेटनंतर येतोच, कारण विंडोज.ओल्ड सी ड्राइव्हवर कित्येक जीबी अडवून बसतो. १२ बाय ३६ चं एक पान ३०० डीपीआयला ३६०० बाय १०८०० पिक्सेल होतं, म्हणजे एकच लेयर असताना ८ बिटमध्ये साधारण १११ एमबी. त्यावर दहा फोटो, मास्क आणि हिस्टरीच्या पायऱ्या चढल्या की काही जीबी सहज लागतात. फोटोशॉप उघडताना कंट्रोल आणि ऑल्ट धरून ठेवा, स्क्रॅच डिस्क बदलायची खिडकी येते. तिथे डी ड्राइव्ह निवडा, दुसरी एसएसडी असेल तर ती. फोटोशॉप बंद असताना टेम्प फोल्डरमधल्या 'फोटोशॉप टेम्प' नावाने सुरू होणाऱ्या फायली उडवा. हँग झालेल्या प्रत्येक वेळेची एक तिथे पडलेली असते आणि त्या चांगल्या जाडजूड असतात.

फोटोशॉपच्या जुन्या सीएस६ आवृत्तीवर वेगळाच प्रकार होतो. मशीनमध्ये ८ जीबी रॅम असूनही 'रॅम पुरेशी नाही' म्हणतं, आणि परफॉर्मन्सचं पान उघडलं तर '९६ आणि ८ यांच्यामधला पूर्णांक द्या' असा न कळणारा संदेश येतो. फोटोशॉप रॅमचा आकडा चुकीचा वाचतंय, एवढाच त्याचा अर्थ. रजिस्ट्री एडिटर उघडून करंट युजर > सॉफ्टवेअर > अडोबी > फोटोशॉप > ६०.० इथे जा. आधी फाइल > एक्स्पोर्टने बॅकअप घ्या. उजवीकडे ३२ बिटचा नवा डीवर्ड (रजिस्ट्रीतली आकड्याची नोंद) बनवा. त्याचं नाव ओव्हरराइड, फिजिकल, मेमरी, एमबी हे शब्द इंग्रजीत सलग जोडून, मध्ये मोकळी जागा न सोडता, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर आणि एम-बी दोन्ही कॅपिटल. किंमत डेसिमलमध्ये, ८ जीबीला ८१९२, ४ जीबीला ४०९६. सीसीच्या पहिल्या आवृत्तीत ६०.० च्या जागी ७०.० असतं, सीसी २०१४ मध्ये ८०.०.

फाइल सेव्ह करताना परवानगी नाकारली जात असेल तर विंडोज सिक्युरिटी > व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन > प्रोटेक्शन हिस्टरी बघा. तिथे 'प्रोटेक्टेड फोल्डर अ‍ॅक्सेस ब्लॉक्ड' दिसलं तर रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये जाऊन फोटोशॉपला परवानगी द्या. संरक्षण सरसकट बंद करू नका, लग्नाचा डेटा एन्क्रिप्ट झाला तर परत मिळत नाही. क्रॅक केलेली कॉपी असेल तर डिफेंडरने तिच्याच फायली उचलून नेलेल्या असतात. त्यावर वरचा एकही उपाय चालायचा नाही, आणि डिफेंडरला ती फाइल सोडायला सांगणं म्हणजे घराची किल्ली चोराला देणं.

डेस्कटॉपवर ठेवलेला फोल्डर अचानक वनड्राइव्हमध्ये दिसतोय? अपडेटनंतरच्या 'सेटअप पूर्ण करा'च्या पडद्यावर न वाचता पुढे गेलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स तिकडे वळतात. मोफत जागा ५ जीबी, एका लग्नाच्या रॉ फायली त्याच्या कितीतरी पट. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज बॅकअप' बंद करा, पण त्याआधी सगळ्या फायली मशीनवर उतरल्यात का बघा. ढगाचं चिन्ह असलेली फाइल मशीनवर नसते.

मराठी अक्षरं फुटली

'विवाह'मधली वेलांटी अक्षराच्या पुढे गेली, 'श्री' तुटली, किंवा 'चि. सौ. कां.'च्या जागी चौकोन आले, तर दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. युनिकोड मजकूर तुटत असेल तर टेक्स्ट इंजिन मूळ सेटिंगवर गेलंय. हे बहुतेकदा तुम्ही स्वतः प्रेफरन्सेस रीसेट केल्यामुळेच होतं. प्रेफरन्सेस > टाइप मध्ये 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' निवडा, फोटोशॉप पुन्हा उघडा, मजकूर सिलेक्ट करून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी लेआउट द्या. अगदी नव्या आवृत्तीत इंजिन एकच आहे, तिथे फक्त लेआउट तपासायचा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टच्या जागी चौकोन येत असतील तर कीबोर्ड बघा. अपडेटनंतर भाषेच्या यादीत मराठीचा जास्तीचा कीबोर्ड चढलेला असतो. या फॉन्टना इंग्रजी कीबोर्डच लागतो. विंडोज आणि स्पेस दाबून बदला.

फॉन्ट यादीतच नसेल तर आणखी एक कारण. अलीकडच्या विंडोजमध्ये डबल क्लिकने बसवलेला फॉन्ट फक्त त्या युजरपुरता बसतो आणि जुन्या प्रोग्रामना तो दिसत नाही. फॉन्टवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' द्या. नव्याने विंडोज टाकल्यावर मंगल, कोकिळा, अपराजिता गायब असतील तर ऑप्शनल फीचर्समधून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' बसवा. आणि टाइप १ (जुन्या पोस्टस्क्रिप्ट पद्धतीचे) फॉन्ट शोधत असाल तर शोध थांबवा, २०२१ च्या अखेरीपासून फोटोशॉपने ते घेणं सोडलंय. डोंगलवर (मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारं लिपीचं सॉफ्टवेअर किंवा फ्लेक्स छापायचं रिप सॉफ्टवेअर उघडत नसेल तर डिव्हाइस सिक्युरिटी > कोअर आयसोलेशन बघा. 'मेमरी इंटिग्रिटी' चालू झाली की जुन्या डोंगलचे ड्रायव्हर अडतात. डोंगलचा नवा ड्रायव्हर मिळवणं हा खरा उपाय.

पेन टॅबलेटचं थोडक्यात: दाब लागत नसेल किंवा टेकवल्यावर गोल उमटत असेल, तर टॅबलेटच्या सॉफ्टवेअरमध्ये 'विंडोज इंक' बंद करा. मग नोटपॅडमध्ये 'यूज', 'सिस्टिम', 'स्टायलस' हे शब्द इंग्रजीत जोडून, एक जागा सोडून शून्य, अशी एकच ओळ लिहा आणि फोटोशॉपच्या सेटिंग्ज फोल्डरमध्ये 'पीएसयूजरकॉन्फिग' नावाने टेक्स्ट फाइल म्हणून ठेवा.

पुढच्या महिन्यात परत होऊ नये म्हणून

अपडेट कायमचं बंद करायची युक्ती वापरू नका. सेटिंग्जमधून ते पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, मग एकदा घ्यावंच लागतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी एकदा पूर्ण अपडेट करून, शीट नि प्रिंट तपासून पॉज लावा. मधली मोकळी तारीख बघून पुन्हा घ्या. ते चालू असताना मशीन यूपीएसवर हवं, वीज मध्येच गेली तर अर्धवट अपडेट माघारी घेण्यात दुपार जाते. 'गेट द लेटेस्ट अपडेट्स अ‍ॅज सून अ‍ॅज दे आर अव्हेलेबल' हे बटण स्टुडिओच्या मशीनवर बंदच असावं, महिन्याच्या अखेरची चाचणीवजा अपडेट त्यातूनच आत येतात. ग्राफिक्सचा ड्रायव्हर विंडोजने बदलू नये यासाठी सिस्टिम प्रॉपर्टीज > हार्डवेअर > डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज मध्ये 'नो' द्या, आणि चांगला चाललेला ड्रायव्हर डी ड्राइव्हवर तारखेसकट ठेवा.

वर्षाचं मोठं अपडेट साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात सुटतं, म्हणजे नेमकं तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर. ते लगेच घ्यायची गरज नाही, कारण होम आणि प्रो आवृत्तीला २४ महिने सुरक्षा अपडेट मिळतात. पुढच्या आषाढी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबले की घ्या. तोवर त्यातले दोष बरेचसे निस्तरलेले असतात आणि काही बिनसलंच तर मागे जायचे १० दिवस निवांत हातात असतात. विंडोज १० वाल्यांचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन ११ च्या पात्रतेत बसत नसेल तर जबरदस्तीने चढवू नका, अशा मशीनवर वरचे प्रकार होण्याची शक्यता जास्त.